कबुतरांचा बंदोबस्त

आबा : दोन बादल्या, एक तांब्या, एक प्लॅस्टिकचं स्टूल, साबणाची डबी आणि आमची कुसा. एवढंच हे आत. आणखी काय असणार न्हाणीघरात?

तेजस्विनी : कुसाबाईंना आत जाऊन किती वेळ झाला, आबा?

आबा : बातम्या लागल्या तेव्हा गेली. बातम्या संपल्या, आता भजनं चालू हेत. थंडी लय हे ना, गरम पाणी सोडून शेकत बसते.

तेजस्विनी : हाक मारलीत?

आबा : मारली की. उत्तर नाय. पण ती रुसली असंल. सकाळी चहा गुळमट झाला म्हणून बोललो मी. त्रेपन्न वर्षांच्या संसारात निम्मी वर्षं ती बोललेलीच नाय माझ्याशी. तुम्ही फक्त सुतार पाठवा, ताई. तो मागच्या वेळी आलेला हिरामण. आतली कडी अडकली असंल. नळ पण गळतोय, दोन्ही कामं एकदम होतील.

तेजस्विनी : आम्ही दिलेलं गळ्यातलं मदतीचं बटण का नाही दाबलंत?

आबा : ते मरायला टेकलेल्या माणसाचं हे. कडीसाठी कशाला दाबू? मागं आमच्या शेजारणीचं चुकून दाबलं गेलं, तर दारात ॲम्ब्युलन्स आणि अर्धा जेल रोड गोळा. म्हणून तुमच्या ज्येष्ठ मदत केंद्राच्या घरकामाच्या नंबरावर लावला फोन.

तेजस्विनी : बरं केलंत. हिरामण तुमच्याच बाजूला आहे, त्याला सांगितलंय. फोन ठेवू नका. पाणी कशावर तापवता?

आबा : गिझरवर.

तेजस्विनी : विजेच्या?

आबा : गॅसच्या. न्हाणीघरातच हे, दारामागच्या भिंतीवर.

तेजस्विनी : आत काय काय आहे विचारलं, तेव्हा तो सांगितला नाहीत.

आबा : तो भिंतीचाच झाला आता. त्याला काय मोजायचं?

तेजस्विनी : वरचा झरोका उघडा आहे ना?

आबा : छे! तुम्हीच तर बंद केलात. कबुतरं अंडी घालायची, साबणावर पिसं पडायची. तुम्हीच फोनवर म्हणालात, आबा, जाळीनं भागणार नाही, विष्ठेनं छाती बिघडते, पत्राच ठोकून घ्या. हिरामण आला, पत्रा ठोकला, कडेनं सिलिकॉन भरलं. काय काम केलं पोरानं! दिवाळीपासून एक पीस आत आलं नाय. मी येईल त्याला दाखवतो. ... ताई? कट झाला का फोन?

तेजस्विनी : नाही. आहे. आबा, सिलिंडर कुठंय?

आबा : ओट्याखाली. का?

तेजस्विनी : आधी रेग्युलेटर बंद करा. मग घराची दारं-खिडक्या उघडा. फोन हातातच ठेवा.

आबा : पण गॅसचा वास नाय येत. आला असता तर मला कळलंच असतं.

तेजस्विनी : गळती नाही झालेली. बंद खोलीत गॅस जळत राहिला की हवा संपत जाते, आणि मग जे तयार होतं त्याला वास नसतो.

आबा : सीओ? कार्बन मोनॉक्साइड?

तेजस्विनी : हो.

आबा : ताई, मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होतो. एकतीस वर्षं. सीओचा काटा पन्नासच्या वर गेला की भोंगा वाजायचा आमच्याकडं. नव्या पोरांना मी शिकवायचो, वासाची वाट बघू नका म्हणून. मी, ताई! मी शिकवायचो!

तेजस्विनी : आबा, रेग्युलेटर.

आबा : केला. बंद केला. खिडकी... ही उघडली. कुसा! ए कुसा!

तेजस्विनी : ॲम्ब्युलन्स निघाली आहे. दार कसलं आहे?

आबा : फायबरचं. माझा खुबा बदललाय, लाथ नाय मारता येत.

तेजस्विनी : शेजारी कोण आहे आत्ता?

आबा : सुनील हे. पण ताई, ती आत... तशीच असंल. परक्या बाप्याला कसा बोलावू? तुमच्याकडं बाईमाणूस नाय का कोणी? ती जन्मात तोंड बघणार नाय माझं.

तेजस्विनी : चादर घ्या हातात आणि सुनीलला हाक मारा.

आबा : ती काय म्हणंल मला?

तेजस्विनी : म्हणू दे, आबा. म्हणायला ती राहिली पाहिजे.

आबा : सुनील! ए सुनील! मुसळ घेऊन ये रे ओट्यावरचं! पळ!

तेजस्विनी : दाराचा खालचा भाग फोडायला सांगा. तुम्ही वाकून आत डोकं घालू नका. दोघांनीही तिथं रेंगाळायचं नाही. तिला ओढून उघड्यावर आणायचं.

आबा : फुटलं. पाय दिसतोय. ताई, पाय हलत नाय. सुनील, ही चादर! आधी चादर टाक! डोळे मीट रे, डोळे मीट आणि ओढ!

तेजस्विनी : श्वास चालू आहे का? आबा? आबा, कोणीतरी सांगा मला!

हिरामण : मॅडम, हिरामण बोलतोय. आत्ताच पोचलो. बाईंना अंगणात घेतलंय. श्वास हाय, बारीक हाय. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं, अठ्ठ्याण्णव दाखवतंय. म्हंजी चांगलं ना?

तेजस्विनी : त्या आकड्यावर जाऊ नकोस. रक्तात ऑक्सिजन आहे की हा वायू, ते त्या मशीनला कळत नाही. गाडी आली की आधी ऑक्सिजन लावायला सांग, आणि डॉक्टरांना गॅस गिझर म्हणून सांग. चक्कर आली म्हणू नकोस.

हिरामण : व्हय. गाडी आलीच. मॅडम...

तेजस्विनी : काय?

हिरामण : पत्रा मी ठोकलाय.

तेजस्विनी : मला माहीत आहे. ठोकायला मीच सांगितलं होतं.

(तिसऱ्या दिवशी दुपारी, त्याच न्हाणीघराबाहेर.)

आबा : काल रात्री बोलली. पहिलं काय विचारलं असंल? सुनील आत आला होता का. मी म्हणालो, डोळे मिटून आला होता. तर म्हणते, मग दाराला धडकला कसा नाही?

हिरामण : हसल्या का बाई?

आबा : नाय. रुसली. डॉक्टर म्हणाले, रुसते म्हणजे डोकं जागेवर हे. पण पोरगा फोनवर म्हणतो, वयानं चक्कर आली असंल, आता दोघांनी तिकडं एकटं राहायचं नाय. तिलाही तसंच वाटाय लागलंय. म्हणते, आपलं झालं आता, चला हर्षलकडं. म्हणून म्हणलं, मोजा. तुमच्या मशीननं काय येईल ते तिला सांगतो.

तेजस्विनी : अंबडच्या एका कारखान्यातून मागून आणलंय मी हे सीओ मोजायचं मशीन. स्टुलावर ठेवलं की सगळ्यात वर गेलेला आकडा त्यात राहतो. हिरामण, फुटलेल्या भागावर फळी लाव.

हिरामण : मॅडम, मोजून काय व्हनार? जे व्हायचं ते झालं. साहेब विचारतील तर मी सांगन, चूक माझी.

तेजस्विनी : आपण असे पत्रे आणखी घरांत ठोकलेत, हिरामण. पत्रा नसता तर काय आलं असतं, ते मला कळलं पाहिजे.

हिरामण : ...लावली फळी.

आबा : ती जेवढा वेळ आत होती तेवढा नको चालवू. त्याच्या निम्मा बास. चल, नळ सोड.

हिरामण : सोडला. पेटला गिझर. दार लावतो.

आबा : आवाज तसाच येतोय बघ. रोजच्यासारखा.

तेजस्विनी : आबा, तुम्ही बाहेर ओट्यावर बसा.

आबा : नाय. इथंच उभा राहतो. त्या दिवशी मी बातम्या बघत होतो.

हिरामण : झाला वेळ. रेग्युलेटर बंद केला. उघडू दार?

तेजस्विनी : उघड आणि लगेच मागे हो. हवा जाऊ दे आधी.

आबा : किती?

तेजस्विनी : सातशे वीस.

आबा : ...हिरामण, शिडी घे. काढ तो पत्रा.

हिरामण : सिलिकॉन सुटंना. लय घट्ट बसवलंय मी. ... निघाला.

आबा : आता खोली मोकळी होऊ दे. मग परत तेवढाच वेळ. फळी तशीच, दार तसंच.

हिरामण : सोडला नळ.

आबा : कबुतर आलं बघ, इतक्यात. झरोक्यात बसलंय. राहू दे, हाकलू नको.

हिरामण : झाला वेळ, मॅडम. गॅस बंद.

आबा : बघा, ताई.

तेजस्विनी : नऊ.