नातीत मोजलेली पट्टी

कुरियरच्या रांगेत पुढे एक आजी-आजोबा भांडत होते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका नर्सला दुसरीकडे बघायचं होतं, पण कान काही ऐकेनात.

"अगं, ते पार्सल आज नको पाठवूस."

"का? मरमर करून फ्रॉक शिवलाय."

"माप चुकलंय. माझ्याच भिंतीची गोची आहे."

"चार मॉनिटर जोडून भिंत केलीत. व्हिडिओ कॉलवर पापणी न् पापणी दिसते, नात खऱ्या उंचीची दिसते, असं म्हणालात ना? मग मी पडद्यावरच टेप लावली. सूनबाई मापं धाडते कुठे?"

"मॉनिटर एकावर एक आहेत. मधे फ्रेमची काळी पट्टी येते. वरच्यात कंबर संपते आणि पट्टी सोडून खालच्यात पुढे सुरू होते. ती पट्टी तू नातीत मोजलीस."

"म्हणजे?"

"फ्रॉक दोन बोटं लांब झालाय."

"आणि मशीन घरघरत होतं, तेव्हा मूग गिळून बसला होतात?"

"तेव्हा तू गुणगुणत होतीस."

"बरं, मग आता?"

"चल घरी. दोन बोटं दुमडायला कितीसा वेळ?"

"दुमडते कशाला! पोराला विचारलं, कधी येता, तर म्हणतो बघू. तीन वर्षं बघतोयच मेला."

"त्याचा फ्रॉकशी काय संबंध?"

"काकू, तुमचा नंबर. द्या पार्सल," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"राहू दे, बाबा. अहो, फोन लावा पोराला. म्हणावं, माप चुकलंय, पोरीला ट्रायलला घेऊन ये."