दाढीतून येणारी हवा

आमच्या ह्यांनी दाढी कशी काढली, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना? लग्नाआधीपासूनची दाढी ती! मी या माणसाची हनुवटी कधी पाहिलीच नव्हती.

झालं असं, की सासऱ्यांची जुनी स्कूटर रंगवायचं ह्यांनी मनावर घेतलं. समा भागातल्या आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत पुट्टी घासून झाली. आता हार्डनर घातलेला रंग फवारायचा होता. माझा भाऊ मिलिंद कोयलीला रिफायनरीत आहे. तो म्हणाला, "भावजी, हे छातीत गेलं तर दमा कायमचा मागे लागेल. साधा मास्क नाही चालायचा." आणि दोन्ही गालांवर फिल्टर असलेला रबरी मास्क त्यानं आणून दिला.

ह्यांनी तो ऐटीत चढवला. मिलिंदनं दोन्ही फिल्टर तळहातांनी घट्ट झाकले. "आता श्वास घ्या."

हे खूश! "अरे, मस्त येतोय की श्वास!"

"यायलाच नको होता! मी फिल्टर बंद केलेत. ही हवा दाढीतून येतेय. रंगही तसाच आत जाणार."

हे तणतणत न्हाणीघरात गेले आणि गुळगुळीत होऊन बाहेर आले. हनुवटीवर चक्क खळी! मी बघतच राहिले. शेजारच्या हंसाबेन मला हळूच म्हणाल्या, "बेन, तमारा नाना भाई आव्या छे?" ह्यांनाच माझा धाकटा भाऊ समजल्या त्या!

स्कूटर झकास झाली. ह्यांना साधा ठसकासुद्धा लागला नाही. संध्याकाळी आरशापुढे उभे राहून म्हणाले, "चला, आता दाढी वाढवायला मोकळा."

मी म्हटलं, "थांबा हो, माझी गाडी रंगवायचीय अजून."