सरांच्या वह्यांची लिपी

माह्यासमोर आता जुन्या पोथ्यांचं नाव काढलं ना, तर डोकंच फिरते. ब्रह्मपुरीचे आमचे सर जन्मभर महानुभावांच्या पोथ्यांवर काम करत होते. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीनं, म्हंजे बाईंनी, मले त्यांच्या वह्यांची पेटी देल्ली. उघडून पाह्यतो, तर सगळ्या वह्या सांकेतिक लिपीत! तेही पोथ्यांतली नाई, सरांनी स्वतः बनवलेली. मले वाटलं, मोठा शोध लपवला असंन.

सहा महिने डोळे फोडले. बायको म्हणे, धान कापाले तरी चला. नाई गेलो. शेवटी पहिलं पान लागलं: "आज आरमोरीच्या बाजारात दोन जिलब्या खाल्ल्या. शुगर वाढेल. घरी कळू देऊ नये."

तणतणत बाईंकडे गेलो. त्यांनी वही हातात घेतली, पानावर नजर फिरवली न् म्हणाल्या, "दोन कुठच्या? चार खाल्ल्या होत्या. इथीबी खोटंच लिवलं."

"बाई, तुमाले हे वाचता येते?"

"लिपीचा तक्ता त्यांच्या शर्टाच्या खिशात राहे. शर्ट कोण धुवे?"

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठी? पेटी उचलली न् सरळ निंगून गेले."