सहा ठोकळ्यांचं अंतर

तोलेगेन : चोवीसच्या चोवीस इंजिनं उपटलीस?

कुआनिश : उपटली काय, मुळे आहेत का ते? नीट काढून यानाच्या गोदामात ठेवलीत. बसा हो साडूबुवा, कोट तरी काढा अंगातला.

तोलेगेन : अख्खा हिवाळा घातला होता मी त्या यानावर. आठवडाभर डेपोत रेल्वेच्या इंजिनांना वेल्डिंग करायचं, आणि रविवारी इथे येऊन बाबांच्या संगणकावरच्या गेममधली इंजिनं बसवायची. एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही तुला?

कुआनिश : बाबांनीच सांगितलं. खनिज भरलं की यान जागचं हलेना. चोवीस लहान इंजिनं, आणि सगळी मिळून काय करतात, तर धूळ उडवतात! ही दोन मोठी बघा. एका दमात वर.

तोलेगेन : आणि दोनातलं एक फुटलं की? भोवऱ्यासारखं गरगरत खाली. चोवीसातलं एक गेलं तर तेवीस उरतात. बाबांचा डावा हात अर्धांगाचा झटका आल्यापासून थरथरतो. यान कुठेतरी घासणारच, हे धरून लहान लावली होती. पण ते कळायला डोकं लागतं.

कुआनिश : आहे थोडं. मोबाइल विकायलाही लागतंच की.

तोलेगेन : हा संगणक कुणी आणला? भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाच्या हातात माऊस कुणी दिला? तू तेव्हा शिमकेंतमध्ये बसून टरबुजं खात होतास.

कुआनिश : तेव्हा माझं लग्न तरी झालं होतं का हो? बायकोचं नावही ठाऊक नव्हतं मला!

तोलेगेन : तेच म्हणतोय. दोन वर्षं झाली नाहीत या घरात येऊन, आणि...

कुआनिश : आणि काय? बोला ना.

तोलेगेन : काही नाही.

कुआनिश : तोस. जावयाच्या मानाच्या त्या तोसावरून जळताय तुम्ही.

तोलेगेन : मांसाच्या तुकड्यावरून जळायला मी कुत्रा आहे का?

कुआनिश : मेंढ्याला छाती एकच, आणि या घराला जावई दोन. मी काय करू? नौरीझच्या सणाला बाबांनी आपणहून माझ्या ताटात वाढलं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोलेगेन : झालं असेल. हाड मात्र चाटूनपुसून ठेवलंस.

कुआनिश : ताटात वाढलेलं टाकू?

तोलेगेन : अकरा वर्षं ते माझ्या ताटात पडायचं. सगळ्यांसमोर. बाबा म्हणायचे, थोरल्या, हे तुझं. आणि या नौरीझला मला बरगडी. शेजारपाजारच्यांना देतात ना, तशी.

कुआनिश : मग त्यांना विचारा. माझ्यावर कशाला दात? हे बघा, बाहेर ताटं मांडतायत. जेवायच्या आधी बाबा पहिलं उड्डाण करणार. माझं काही चुकलं असेल तर आत्ता सांगा. तुम्हाला यातलं जास्त कळतं, हे मी कधी नाकारलंय?

तोलेगेन : चाचणी घेतलीस?

कुआनिश : काल संध्याकाळी तर बसवली. वेळ कुठे होता?

तोलेगेन : मागच्या बाजूनं बघितलंस?

कुआनिश : मागे बाबांची काचेची खोली आहे. काय केलीय हो! आत टेबल, दोन खुर्च्या. त्या हातानं, एकेक ठोकळा ठेवत.

तोलेगेन : तीन आठवडे लागले त्यांना. मी शेजारी बसून होतो. हात लावू दिला नाही.

कुआनिश : परवा मला म्हणाले, वर गेलो की एका खुर्चीवर मी, दुसरीवर तू. चहा पिऊ.

तोलेगेन : असं म्हणाले?

कुआनिश : गमतीनं हो. पण मागच्या बाजूचं काय म्हणत होतात?

तोलेगेन : काही नाही. छान आहे खोली.

कुआनिश : मग तोंड असं का केलंत? काही दिसत असेल तर बोला.

तोलेगेन : मला काय दिसणार? मी लहान इंजिनांचा माणूस.

सासरे : काय कोंबड्यांसारखे भांडताय? स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतंय. सरका. ती खुर्ची माझी.

कुआनिश : या बाबा. खनिज भरलंय, सगळं तयार.

सासरे : थोरल्या, तू बघितलंस?

तोलेगेन : बघितलं.

सासरे : ठीक आहे?

तोलेगेन : कुआनिशनं केलंय. ठीकच असणार.

सासरे : तुला विचारतोय मी.

तोलेगेन : ठीक आहे, बाबा.

सासरे : मग निघू.

कुआनिश : उचललं! बघा, काठोकाठ भरलेलं यान, आणि कसं... अरे. बाबा, हे लाल काय? काचा फुटतायत. जाळ थेट खोलीत शिरतोय! बंद करा, इंजिनं बंद करा!

सासरे : बंद केली तर यान पडेल.

कुआनिश : टेबल गेलं. खुर्च्या...

सासरे : दिसतंय मला. आधी वर नेऊ दे.

(यान वरच्या स्थानकाला लागतं.)

कुआनिश : चूक माझी, बाबा. जाळ इतका लांब जाईल असं वाटलं नव्हतं. मोठी काढतो, लहान परत बसवतो.

सासरे : तू नको. ते थोरल्याचं काम आहे.

तोलेगेन : आजच बसवतो, बाबा. आत्ता.

सासरे : आधी जेव. कुआनिश, ताट इथेच घेऊन ये.

कुआनिश : हे घ्या. आईनं तोस वर ठेवलंय. म्हणाली, तुम्हीच वाढा.

सासरे : थोरल्याला.

तोलेगेन : राहू द्या. त्यालाच द्या.

सासरे : धर. खोली बांधत होतो तेव्हा अंतर तूच मोजून दिलं होतंस. लहान इंजिनांना दोन ठोकळे पुरतात, मोठी लागली तर मागे सहा सोडायला हवेत, नाहीतर सगळं जळेल. मी तीनच सोडले. तू म्हणालास, असू द्या बाबा, मोठं बसवायला कुणी आलंच तर मी आहे की सांगायला.

तोलेगेन : बाबा...

सासरे : मी विसरलो होतो. जाळ बघितला तेव्हा आठवलं.

कुआनिश : म्हणजे मघाशी तुम्ही मागच्या बाजूचं...

सासरे : तू गप्प. जेवू दे त्याला.

तोलेगेन : बाबा, मी...

सासरे : खा. गार झालं की चरबी टाळ्याला चिकटते.