ओढणीतलं ऊन

तुम्हाला सांगते, महिनाभर मी रोज गच्चीवर उन्हात बसले. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "व्हिटॅमिन डी फार कमी आहे, पोटातल्या बाळाची हाडं कच्ची राहतील. गोळ्या घे, ऊनही घे." पण नातू काळा होईल म्हणून सासूबाईंनी मला सुरतेतल्या स्कूटरवाल्या पोरींसारखी तोंडभर ओढणी गुंडाळली, वर हातमोजे. आत सगळं केशरी दिसायचं. त्या उजेडात मला बाळ दुडुदुडु धावताना दिसायचं आणि डुलकी लागायची.

महिन्याने रिपोर्टमधला आकडा जेमतेम हलला होता.

"उन्हात कशी बसतेस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पूर्ण झाकून!" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

"मग ओढणीची हाडं मजबूत झाली असतील, मावशी."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सासूबाईंनीच माझी ओढणी सोडली.

"काळा होऊ दे पोरी, पण धावला पाहिजे."