वहिनीची शेवटची परीक्षा आणि दादाचं कपाळ

नाही, पण मला एक सांगा, नवऱ्याच्या पाठीत लिपस्टिक खुपसून, "अहो, किंचाळा ना, असं काय मुळमुळीत मरता?" असं ओरडणाऱ्या बाईला तुम्ही काय म्हणाल?... डॉक्टर? म्हणा की! आम्हीही तेच म्हणतो. सख्खी वहिनी आहे माझी! आणि जो मुळमुळीत मरत होता तो माझा थोरला भाऊ, दादा. या माणसाने जन्मात झुरळ मारलेलं नाही. एकदा चप्पल घेऊन गेला होता, पण झुरळाने वर बघितलं, मिशा हलवल्या, तर हाच दार लोटून बाहेर आला, म्हणे "आत कुणीतरी आहे!"

तर असा हा दादा, आणि त्याच्यावर तीन वर्षं रोज संध्याकाळी वार! तुम्हाला सांगतो, लाकडी पट्टीच्या टोकाला लिपस्टिक बांधलेली, हा सोफ्यापाशी उभा, आणि वहिनी स्वयंपाकघरातून धावत येणार. वरून एक, बगलेत एक, मान चुकवली तर कानाखाली एक! हा बिचारा हात आडवे घालतो, की हाताला लाल रेघा, की वहिनी आनंदाने टाळ्या पिटते, "बघा, बघा! बचावाच्या जखमा! अगदी पुस्तकातल्यासारख्या!" आणि मग वहीत लिहिता लिहिता तोंड वाकडं, "आज काही खरं नाही हं तुमचं. सातव्या वाराला मेलात. काल अकरापर्यंत टिकला होतात." एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू आरडाओरडा ऐकून वर आल्या, दार उघडलं दादाने, अंगभर लाल, आणि म्हणाला, "काही नाही हो काकू, हिचा अभ्यास चाललाय." काकू जिन्यातच बसल्या! नंतर दोन महिने त्या आमच्या वहिनीला जिन्यात बघितलं की भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या.

आणि याला म्हणायचं शिक्षण!

आता तुम्ही म्हणाल, बाई मुळातच तसली असेल. अजिबात नाही! सोळा वर्षं दवाखाना होता तिचा. खोकला, ताप, पोटदुखी. हाताला असा गुण की निम्मे पेशंट औषध घ्यायच्या आधीच बरे व्हायचे, आणि उरलेले बरे झाल्यावरही येत राहायचे. आणि बेचाळिसाव्या वर्षी ही बाई जेवताना जाहीर करते, "मी न्यायवैद्यक शिकणार. मृतदेह तपासायचे, जखमा मोजायच्या, मरण कशाने आलं ते कोर्टात सांगायचं." दादाचा घास हातातच राहिला. "म्हणजे पेशंट... मेल्यावर?" "मेल्यावरच." "मग आता तपासून त्याला काय फायदा?" यावर वहिनीने असं बघितलं, की त्यानंतर दादाने फायद्याचा विषय काढला नाही.

आणि तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर काय ऐकावं माणसाने? "आज एक आला होता, कुऱ्हाडीचे नऊ घाव. आठ रागाचे, नववा दमल्यावरचा. अजून वाढू?"... अहो, कसं वाढणार? "कालच्याचा गळा आवळला होता, पण दोरीने नाही, दोरीने वळ असे बोटाबोटांचे उठत नाहीत, जरा मान पुढे करा बघू, दाखवते!" सोळा वर्षांत आठ किलो वाढलेला दादा तीन वर्षांत बारा किलो उतरला. लोक विचारायचे, व्यायाम कुठला? हा म्हणायचा, "बायकोचं ऐकतो."

पण एक गोष्ट सांगतो, आणि इथे हसू नका. हे सगळं सुरू कशामुळे झालं, ते दादाला माहीत होतं. दवाखान्यात एक बाई यायची. दंडावर वळ, डोळ्याखाली काळं. "पडले हो डॉक्टर." वहिनीने मलम लावलं, पाठीवरून हात फिरवला, "काळजी घ्या" म्हणाली. असं तीनदा. चौथ्यांदा ती बाई दवाखान्यात आली नाही, तिला थेट शवागारात नेली. नवऱ्याला पकडला, कोर्टात उभा केला, आणि कोर्टाने वहिनीला विचारलं, डॉक्टर, आधीच्या जखमा केवढ्या होत्या? कुठे होत्या? बोटांच्या होत्या की पडल्याच्या? वहिनीच्या कागदावर काय? "पडल्या. मलम दिलं." नवरा सुटला. शीळ घालत सुटला! त्या दिवशी वहिनी घरी येऊन एवढंच म्हणाली, "मी मलम लावलं हो. माप नाही घेतलं."

म्हणून दादा वार खात होता. कळलं?

बरं, आता शिक्षणात अडचण काय, तर हाताची सवय! सोळा वर्षांचा हात तो, तीन वर्षांत जातो होय? पहिल्या परीक्षेला समोर मृतदेह, भोवती परीक्षक, आणि आमच्या वहिनीने त्याच्या छातीला हात लावला आणि म्हणाली, "हं, आता लांब श्वास घ्या." तिथले मोठे सर, भुवया अशा की त्यात चिमणीने घरटं करावं, प्रत्येक वाक्याला "हं?" लावायची सवय, ते म्हणाले, "मॅडम, त्यांचा घेऊन झालाय, हं?" नापास! दुसऱ्या परीक्षेला तर कहर. एकाच्या डोक्यात पहारीचा घाव, वहिनीने बघितलं, डोळे पाणावले, आणि कुणी काही म्हणायच्या आत कापूस घेऊन जखम धुतली, औषध लावलं आणि वर पट्टी! मोठे सर खुर्चीतून उठले. "मॅडम! पुरावा धुतलात तुम्ही, हं? कडेला गंज होता, माती होती, मारणारा त्या मातीत होता, हं? धुतलात त्याला! सुटला तो!" पुन्हा नापास. आणि नियम असा, की तिसरी संधी शेवटची. तिसऱ्यांदा नापास झालात की पुन्हा बसता येत नाही. जा परत खोकले ऐकायला.

तर तिसरी परीक्षा. दादा बाहेर बाकावर, मांडीवर वहिनीची पर्स, ओठ पांढरे. आत पांढऱ्या फरशा, लोखंडी टेबलं, भिंतीवर हातोडे, करवती, छिन्न्या अशा टांगलेल्या की सुताराला हेवा वाटावा. परीक्षा होती जिवंत जखमीची. म्हणजे मारामारीत मार खाल्लेला माणूस तपासायचा आणि दाखला लिहायचा. पण शवागारातले मामा, मृतदेह शिवणं हे त्यांचं काम, ते येऊन म्हणाले, "सर, जो जखमी व्हायला येणार होता ना, तो खरंच आजारी पडला."

मोठे सर बाहेर आले. बाकावर दादा.

"तुम्ही कोण, हं?"

"मी... नवरा."

"रक्त चालतं?"

"दुसऱ्याचं चालत नाही. स्वतःचंही नाही."

"उत्तम! चेहऱ्यावर भीती खरीच हवी होती. या आत."

तुम्हाला सांगतो, त्याला स्टुलावर उभा केला, रंगाने दंडावर दोन खोट्या जखमा काढल्या, आणि मोठे सर भिंतीवरचा खराखुरा हातोडा काढून म्हणाले, "समजा आरोपी असा समोरून आला, हं? डोळ्यांत खून, हं? दात खाल्ले, आणि दोन्ही हातांनी वरून," आणि हातोडा उगारला की हो! आता दादाच्या जागी तुम्ही असता तर नुसते ओरडला असता. पण हा तीन वर्षांचा तयार माणूस! अकरा वार टिकणारा! दोन्ही हात फाटकन आडवे, मान खाली, एक पाऊल मागे... सगळं पुस्तकातल्यासारखं. फक्त मागे जमीन नव्हती. स्टूल होतं, आणि तेही संपलेलं. हा वळला, पडला, आणि लोखंडी टेबलाची कड कपाळात. ठण्ण! हातोडा तिकडे सरांच्या हातात तसाच वर, आणि इकडे भुवईवरून रक्ताची धार, नाकावरून, ओठावरून, सदऱ्यावर. खोट्या जखमा लाजल्या!

आणि याला म्हणायचं शिक्षण!

वहिनी पुढे धावली. आता इथे नीट ऐका. तिचा उजवा हात कुठे गेला? कापसाकडे. सोळा वर्षांचा हात तो, मालकिणीला विचारतोय कशाला? कापूस उचलला. मोठ्या सरांची एक भुवई वर गेली, दुसऱ्या परीक्षकाने पेनाचं टोपण काढलं. दादाला एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्या डोळ्याने त्याने तो कापूस बघितला, एक वीत अंतरावर. त्याला काय आठवलं असेल ते असेल. झुरळाला घाबरणारा माझा भाऊ, तोंडात रक्त गेलेलं, हळूच म्हणाला, "अगं... माप घे आधी."

कापूस खाली पडला.

आणि मग जी बाई सुटली! "अहो, हलू नका. फोटो. उभे राहा, टाचेपासून जखमेची उंची घ्यायचीय." हा डुलतोय. "ताठ! पाठ भिंतीला! एकशे त्रेपन्न सेंटीमीटर. लांबी साडेचार, रुंदी एक, खोली हाडापर्यंत." दादा म्हणतोय, "हाडापर्यंत?" "तुम्हाला विचारलं नाही. कडा ओबडधोबड, आतले तंतू अखंड, म्हणजे कापलेली नाही, फाटलेली. बोथट कडेचा आघात. दंडावरच्या दोन रंगाच्या, खोट्या." मोठे सर पुढे सरसावले, हातोडा अजून हातात, "हत्यार हा हातोडा, हं?" "नाही सर. हातोड्याचं तोंड गोल आहे. ही सरळ कड आहे. हे टेबल." "मग हा मारण्याचा हेतू कुणाचा, हं? माझा?" सापळा होता तो! वहिनीने सरांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "सर, माझं काम जखमेपुरतं. हेतू कोर्ट ठरवेल."

दादाच्या हनुवटीवरून टप्, टप्. मग मोठ्या सरांनी हातोडा खाली ठेवला आणि वहीवर सही ठोकली. पास! "नवरा समोर रक्तबंबाळ, आणि आधी माप! याला म्हणतात तयार होणं, हं?" वहिनी रडायला लागली, परीक्षक हात मिळवतायत, कुणी फोटो काढतोय, आणि आमच्या दादाकडे कुणाचं लक्ष? तो भिंतीला पाठ लावून ताठ उभा, कारण बस म्हणून कुणी सांगितलंच नाही! पट्टी कोण करणार? वहिनी? ती दाखल्याच्या चार प्रती लिहायला बसली, पुरावा आहे म्हणे, पुसू नका. शेवटी मामांनाच दया आली. त्यांनी नवी सुई घेतली, नवा जाड दोरा ओवला, दादाला त्याच टेबलावर आडवा केला, आणि असा घट्ट, सलग, सुबक शिवला, की मोठे सर म्हणाले, "वा मामा!"

दादा उठून बसला. कपाळ चाचपलं. वहिनीकडे बघितलं, ती तिसऱ्या प्रतीवर होती. मग म्हणाला, "मामा, हे टाके काढायला कधी येऊ?"

मामा सुई पुसत थांबले. डोकं खाजवलं. "काय सांगू साहेब," म्हणाले, "बावीस वर्षं शिवतोय. टाके काढायला अजून कुणी परत आलेलं नाही."