अलास्काच्या आधी पूर्णेचा डोह

पोलीस स्टेशन भोकरदन, जिल्हा औरंगाबाद
दिनांक २० मार्च १९७८

नाव: कौसल्याबाई भ्र. तातेराव बोर्डे. वय: अंदाजे ५२ वर्षे. धर्म: बौद्ध. धंदा: घरकाम. राहणार: बदनापूर, तालुका जालना. हल्ली मुक्काम: केदारखेडा, तालुका भोकरदन, भाऊ कडूबा यांच्या घरी.

मी स्वतः पोलीस स्टेशनला येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी माझे पती तातेराव यांच्यासह राहते. पती जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांचा विषय भूगोल. आम्हाला एकच मुलगा, नाव संपत. तो कॅनडा देशात व्हँकुव्हर या गावी इंजिनियर आहे. तिकडे जाऊन त्याला सात वर्षे झाली. मधे एकदा येऊन गेला.

काल रविवारी केदारखेडा शिवारात पूर्णा नदीच्या डोहात मी व पती गुळाच्या काहिलीतून पाण्यात पडलो. नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी करणारे रामराव यांनी पाण्यात उडी घेतली. आम्ही नवराबायको जीव देण्यासाठी डोहात गेलो होतो, अशी खबर रामराव यांनी पोलीस पाटलांना दिली. ती खबर मला आज वाचून दाखविण्यात आली. रामराव यांनी ती चांगल्या मनाने दिलेली आहे, परंतु ती खरी नाही. आम्ही जीव द्यायला गेलो नव्हतो. बोटीत बसायची सवय करायला गेलो होतो.

बोट कोणती, असे हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मागच्या दिवाळीत संपतचे पत्र आले. येत्या जून महिन्यात त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावले आहे. त्याच्या गावाहून मोठे जहाज निघते व किनाऱ्याच्या कडेकडेने अलास्का या मुलखापर्यंत जाते. जहाजावर आठ दिवस राहायचे. पुढे उतरून लहान रेल्वेने घाट चढायचा आणि मग बसने जंगलात. तिथे वस्ती नाही. बर्फाचे डोंगर समुद्रात येऊन मोडतात, अस्वले नदीत उभी राहून मासे धरतात आणि उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत दिवस असतो, असे पतींनी मला सांगितले. संपतने आमच्याकडे आजवर काही मागितले नाही. 'दोघं या, सोबत फिरू' एवढेच लिहिले.

त्यानंतर आम्ही तयारीला लागलो. पतींनी भिंतीवर नकाशा लावला. रोज जेवण झाल्यावर ते व्हँकुव्हरवर बोट ठेवत आणि किनाऱ्याने हळूहळू वर नेत. नकाशात उत्तर दिशा वर असते. म्हणून आमच्या घरात या प्रवासाला 'वर जायचं' असेच म्हणू लागलो. पुढे त्यावरून घोटाळा झाला, तो सांगते.

मी शेजारच्या रजनीताईंकडून लोकरीचे विणकाम शिकले आणि पतींसाठी स्वेटर, मफलर व कानटोपी विणली. कानटोपी थोडी मोठी झाली. पतींनी जालन्याच्या बाजारातून मिलिटरीचा जुना ओव्हरकोट आणला. तो घोट्यापर्यंत येतो. फेब्रुवारीच्या उन्हात ते कोट घालून अंगणात फेऱ्या मारत. मी म्हटले, "काढा तो, घाम गळून राह्यला." त्यावर ते म्हणाले, "अंगवळणी पडला पाहिजे. तिथं गेल्यावर शिकायचं काय?"

मला एस.टी.त उलटी होते. ही गोष्ट खरी आहे. त्यासाठी मी लिंबू हुंगत मुद्दाम मागच्या सीटवर बसून जालन्याला जाऊन येत असे. सुरुवातीला त्रास झाला, पुढे कमी झाला. शेवटच्या दोन-तीन वेळेस बिलकुल झाला नाही. रस्त्यात मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली नाही याचे पतींना कौतुक वाटेल असे मला वाटले. ते नकाशाकडे पाठ करून बसले.

त्यानंतर त्यांचे बोलणे बदलले. जहाज तुला सोसणार नाही, आपण जमिनीवरचेच तेवढे पाहू, जहाजाचे राहू दे असे संपतला लिहितो, असे म्हणू लागले. मला सोसते म्हटले, तर तुझे गुडघे दुखतील म्हणाले. गुडघे दुखत नाहीत म्हटले, तर जहाजावरचे जेवण आपल्याला चालणार नाही म्हणाले. नकाशावर बोट ठेवणेही त्यांनी बंद केले. रेल्वेने जालन्याला जाताना पूल आला की ते डोळे मिटून घेतात, हे मी पूर्वीही पाहिले होते. मला वाटे की डुलकी लागते.

मी स्वयंपाक करताना एके दिवशी विचारले, "खरं सांगा, कोन भेऊन राह्यलं? म्या का तुम्ही?"

पती चुलीपाशी येऊन बसले. नंतर म्हणाले, "आमच्या गावाला नदी न्हाई. एक बारव होती. गावची समदी पोरं तिच्यात उड्या मारून पव्हायला शिकली. आम्हाला पायऱ्या उतरू देत नव्हते. आम्ही वर बांधावर बसून बघायचो. उन्हाळ्यात लई बघायचो. पोरायला सात समुद्र शिकवले म्या, कौसल्या, अन् सोता गुडघ्याच्या वर पान्यात गेलो न्हाई. त्या जहाजाखाली किती पानी असतं ते मला बराबर माहीत हाय. माहीत नसतं तर बरं झालं असतं."

माझे पती आष्टीकडच्या एका लहान खेड्यातले आहेत. लग्नाला पस्तीस वर्षे झाली. बारवेचे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितले. तव्यावरची भाकरी करपली.

येथे नमूद करते की, मला पोहता येते. माझे माहेर केदारखेडा. आमच्याकडे नदी आहे आणि खालच्या अंगाच्या डोहावर आमच्या लोकांना कोणी अडवत नव्हते. धुणे धुता धुता आम्ही पोरी पोहायला शिकलो. बदनापूरला तसा प्रसंग आला नाही, म्हणून पतींना ते माहीत नव्हते. त्या दिवशी मी ते सांगितले नाही.

मी पतींना म्हटले, आपण कडूबाकडे गूळ आणायला जाऊ. शनिवारी आम्ही केदारखेड्याला आलो. माझ्या भावाच्या गुऱ्हाळाचा हंगाम संपला होता व उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील धुऊन पालथी घातलेली होती. आमच्या लहानपणी पुराच्या दिवसांत माणसे काहिलीत बसून नदी पार करत. रात्री जेवताना मी पतींना सांगितले की, उद्या आपण काहिलीत बसायचे. जहाज नंतर, आधी ही. काही झाले तर काठ दिसतो.

पती म्हणाले, "कडूबा हसंल."

भाऊ म्हणाला, "हसतो कशाला दाजी? म्या सोता पोहरा काढायला आडात उतरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने बैलगाडीतून काहील डोहावर नेली. तिच्या कडीला दोर बांधला व दुसरे टोक काठच्या बाभळीला गाठ मारून ठेवले. तो दोर बाभळीला आजही आहे, साहेबांनी पाहावा. मरायला जाणारे दोर बांधत नाहीत. पती ओव्हरकोट, मफलर व कानटोपी घालून आले. मी म्हटले, इथे कशाला? ते म्हणाले की, सराव करायचा तर जहाजावर बसल्यासारखाच झाला पाहिजे. कोटाच्या फुगलेल्या खिशात दगड होते असे खबरीत लिहिले आहे. ते दगड नव्हते, लिंबे होती. माझ्यासाठी त्यांनी आणली होती.

भावाने आम्हाला बसवून काहील आत ढकलली आणि तो बैल पाण्यावर नेण्यासाठी वरच्या अंगाला गेला. काहिलीला पुढे-मागे काही नसते. ती आपली गोल गोल फिरते. पतींनी डोळे मिटले होते व माझा हात धरला होता. हातातल्या बांगड्या रुतल्या, परंतु मी हात काढला नाही. डोहाच्या मधे आल्यावर मी म्हटले, "बघा तरी. एवढं पैसे देऊन तिकडं डोळे मिटूनच बसणार का?"

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पाणी पाहिले. काठावरची झाडे फिरताना पाहिली. थोड्या वेळाने कानटोपी वर सारून म्हणाले, "पृथ्वी फिरती म्हणून पोरायला सांगत होतो, ते असंच दिसत असंल." त्यानंतर ते बोलू लागले. पलीकडच्या दरडीला बर्फाचा डोंगर म्हणाले. पाण्यात म्हशी बसल्या होत्या, त्यांना देवमासे म्हणाले. मी हसले, तेही हसले. पती वर्गात बोलतात त्या आवाजात बोलत होते, आणि तो आवाज मोठा आहे. ते म्हणाले, "कौसल्या, आता भ्याव न्हाई. आता आपण दोघंबी संगंच वर जाऊ!"

हे वाक्य रामराव यांनी वाळूतल्या वाडीतून ऐकले. त्यांना नकाशाचे काही माहीत नव्हते. उन्हात ओव्हरकोट घातलेला म्हातारा माणूस, डोहाच्या मधे बायकोचा हात धरून असे बोलतो म्हटल्यावर त्यांची समजूत तशी झाली. ते ओरडले, "ओ मास्तर! असं करू नका! लेकराबाळाचा इचार करा!" पतींना वाटले की ते नमस्कार करून राहिले. त्यांनी हात वर केला. रामराव यांनी अंगातल्या कपड्यानिशी उडी घेतली, पोहत आले व काहिलीची कड दोन्ही हातांनी धरली. ते अंगाने थोराड आहेत. काहील कलली, पाणी आत आले व आम्ही पडलो.

पती खाली गेले. ओव्हरकोटाने पाणी पिऊन त्यांना ओढले. मी मागोमाग गेले. पाणी गढूळ होते, काही दिसत नव्हते. कोटाची बटणे मी हाताने चाचपून काढली. चार बटणे होती. मी मागे स्वतः घट्ट शिवली होती, त्यामुळे शेवटचे निघेना, ते तोडले. रामराव यांनी त्यांना काखेत धरून वर आणले. मी पाय धरले होते. कोट डोहात राहिला.

वाळूवर पतींना पालथे घातले. पाणी निघाले. ते निघेपर्यंत मी काय करत होते ते मला सांगता येत नाही. रामराव म्हणतात की मी त्यांनाच शिव्या देत होते. दिल्या असतील.

पतींनी डोळे उघडल्यावर पहिले जे विचारले ते असे: "तुला पव्हता येतं?"

मी म्हटले, "येतं."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

मी म्हटले, "तुम्ही बारवेचं सांगून राह्यलते. त्यावर म्या हे कसं सांगू?"

त्यांनी माझ्या डोक्यावरचे शेवाळ काढले.

घरात काही भांडण आहे का, आजार आहे का, कोणाचा त्रास आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, तसे काही नाही. रामराव यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. काहिलीची कड लागून त्यांच्या पायाचे नख फुटले, त्यावर मी हळद लावली. त्यांच्यामुळे आम्ही पडलो हे खरे आहे व त्यांच्यामुळेच पती माझ्यासमोर आहेत हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.

माझी विनंती अशी की, आमच्या पासपोर्टाचे कागद पोलीस चौकशीसाठी आलेले आहेत. येथे आमच्या नावे जीव देण्याचा गुन्हा लागला तर ते कागद अडतील. आम्हाला जून महिन्यात जायचे आहे. मरायला आम्हाला सध्या सवड नाही.

तरीही जहाजावर बसणार का, असे हवालदार साहेबांनी विचारले. मी हो म्हणाले. त्यांनी मला चहा दिला.

पतींनाही आज हजर राहण्यास सांगितले असता ते सोबत का आले नाहीत, असे विचारल्यावरून सांगते की, ते आज सकाळीच रामराव यांच्याकडे गेले. चष्मा कालच्या पाण्यात गेल्यामुळे त्यांना नीट दिसत नाही, तरी कोणाला न सांगता गेले. एस.टी.ची वेळ झाली म्हणून मी डोहावर बोलवायला गेले, तेव्हा ते काठाजवळच्या छातीभर पाण्यात होते. रामराव यांनी त्यांच्या पोटाखाली हात धरला होता. पती पाय मारत होते व पाणी सगळीकडे उडत होते. पाय मारायची पद्धत चुकीची आहे, परंतु मी काही बोलले नाही. मी हाका मारल्या. ठाण्यात जायचे आहे, साहेब वाट पाहतील, असे सांगितले. पती म्हणाले, "तू हो पुढं. साहेबांना सांग, मी येतो. आत्ताच उतरलोय."

मी बराच वेळ काठावर उभी राहिले. ते बाहेर आले नाहीत. गाडी चुकली असती म्हणून मी एकटी निघून आले.

हा जबाब हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी ऐकला. नंतर हातात घेऊन स्वतःही वाचला. मी बोलले तेच यात आहे, कमीजास्त काही नाही.

सही: कौसल्या तातेराव बोर्डे
समक्ष: हवालदार, पोलीस स्टेशन भोकरदन